विजेचा जुना टाइपरायटर

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत स्थायिक झालेल्या एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. विषय वरवर पाहतां क्षुल्लक आहे. परंतु त्यांत गुंतलेला प्रश्न अनेक एकत्र कुटुंबांत आज ना उद्यां उद्भवणारा असल्यामुळें या महिन्याचें सदर आम्हीं त्यालाच द्यावयाचें ठरविलें आहे. त्यांचे मामंजी १९६८ सालीं सांगलीहून तिकडे गेले. एका कारखान्यांत अभियंते म्हणून त्यांनीं सारी नोकरी केली, आणि कचेरींत संगणक आल्यावर अडगळींत निघालेला विजेचा एक टाइपरायटर अल्प किंमतींत घरीं आणला. पुढें जन्मभर त्यांचा पत्रव्यवहार त्यावरच चालला. गेल्या वर्षीं ते निवर्तले. तेव्हांपासून यंत्र मेजावर झांकून ठेवलेलें आहे. सासूबाईंना तें डोळ्यांसमोर नको आहे. पत्रलेखिकेचे यजमान तें विकण्याच्या मताचे आहेत. धाकटे दीर म्हणतात, बाबांची वस्तु घराबाहेर जातां कामा नये. आणि सांगलीचे चुलत दीर लिहितात, तुम्हांस नको असेल तर आम्हांस पाठवा. यंत्र तर धड चालतही नाहीं. कळ फिरविली कीं गुणगुणतें, एखाददुसरें अक्षर उमटवितें, आणि स्तब्ध बसतें. पत्राच्या शेवटीं या भगिनींनीं आणखी एक गोष्ट, जणूं सहज आठवली म्हणून, लिहिली आहे. तिच्याकडे आम्ही मागाहून येऊं. आमच्या मतें खरें पत्र तेवढेंच आहे.

त्यांनीं केलेल्या वर्णनावरून हें यंत्र आय. बी. एम. कंपनीचें ‘सिलेक्ट्रिक’ जातीचें, आणि त्यांतही १९७३ नंतरचें, चुकलेलें अक्षर स्वतःच पुसणारें दिसतें. आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर टाइपरायटर म्हटलें कीं न्यायालयाबाहेर झाडाखालीं बसलेला टंकलेखक, किंवा टंकलेखनवर्गांतला एकसुरी खडखडाट उभा राहतो. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं मुंबईंत तयार केलेला देशी टाइपरायटर घरोघर ठाऊक झाला. त्याची निर्मिति २००९ सालीं थांबली. त्या यंत्रांत प्रत्येक कळीला अक्षराची स्वतंत्र दांडी असते, आणि कागद गुंडाळलेला रूळ ज्यावर बसविलेला असतो तो गाडा अक्षरागणिक डावीकडे सरकत जातो. सिलेक्ट्रिकमध्यें दांड्या नाहींत आणि गाडाही सरकत नाहीं. ३१ जुलै १९६१ रोजीं तें प्रथम विक्रीस आलें. त्याला बाह्य रूप इलियट नॉइस या वास्तुशिल्पज्ञानें दिलें, आणि आज साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही तें रूप शिळें वाटत नाहीं.

त्याचें हृदय म्हणजे लिंबाएवढा एक गोळा. त्यावर चार ओळींत, प्रत्येक ओळींत बावीस, अशीं ८८ अक्षरचिन्हें कोरलेलीं असतात. अर्धा गोळा लहान लिपीचा, अर्धा मोठ्या लिपीचा. कळ दाबली कीं गोळा हवा तितका कलतो, हवा तितका फिरतो आणि फितीवर आपटतो. आणि हें सारें सेकंदाला चौदा वेळां सुद्धां होऊं शकतें. किती कलावें व किती फिरावें याची बेरीज आंतल्या तराजूच्या दांड्यांसारख्या जोडदांड्या करतात. विजेचें काम एवढेंच, कीं मोटार फिरत ठेवावयाची. बुद्धि सारी पोलादाची आहे. म्हणूनच ‘विजेचें यंत्र आहे, एखादा तार तुटला असेल’ असें समजून विजेची दुरुस्ती करणाऱ्याकडे तें नेण्यांत अर्थ नसतो. त्याची प्रकृति घड्याळाच्या जवळची आहे. १९८६ पर्यंत अशीं एक कोटी तीस लाखांहून अधिक यंत्रें विकलीं गेलीं. तेव्हां दुर्मिळ म्हणून त्याची किंमत येईल, अशी आशा कोणीं बाळगूं नये.

आतां त्याचा आजार. वापरानें झिजलेलीं यंत्रें थोडीं. न वापरल्यानें बिघडलेलींच अधिक. वर्षभर न उघडलेलें शिवणयंत्र ज्या गृहिणीनें पुन्हां चालू करून पाहिलें आहे, तिला यांतलें मर्म सांगावयास नको. कारखान्यांत घातलेलें तेल व वंगण काळानें घट्ट होतें आणि ज्या सांध्याला सुटें ठेवावयाचें त्यालाच चिकटवून टाकतें. मोटार गुणगुणते, एक अक्षर उमटतें, मग दांडी परत जागेवर येत नाहीं, आणि पुढची कळ दबत नाहीं. कळ दबत नाहीं याचें आणखी एक कारण आहे. दोन कळा एकाच वेळीं दाबल्या जाऊं नयेत म्हणून या यंत्रांत पोलादी गोळ्यांची एक रांग असते. एका कळीनें वाट अडविली कीं दुसरीस जागाच उरत नाहीं. म्हणून एक कळ अडकली तर सारा कळफलक मेल्यासारखा वाटतो, आणि घरची मंडळी यंत्र मोडलें असा निकाल देऊन मोकळीं होतात. वस्तुतः तें मोडलेलें नसतें.

उपाय धिमा आहे. आधीं विजेची दोरी भिंतींतून काढावी. निव्वळ बटण बंद करून भागत नाहीं. वरचें झांकण काढल्यावर त्याच्या आंतल्या बाजूस आवाज शोषण्यासाठीं लावलेला मऊ स्पंज बहुधा काळ्या चिकट भुग्यांत रूपांतर झालेला सांपडेल. तो यंत्रांत पडूं न देतां खरवडून काढावा. मग जुनें वंगण विरघळविणारा द्रव बारीक कुंचल्यानें सांध्यासांध्यांस लावावा, सांधा हातानें हलवावा, मळ टिपावा, आणि पुन्हां लावावा. हें काम एका बैठकीचें नव्हे. द्रव ज्वालाग्राही असतो, म्हणून स्वयंपाकघरांत किंवा देवघरांतल्या समईजवळ हा उद्योग मुळींच करूं नये; उघड्या खिडकीजवळ करावा. मळ गेल्यावर हलकें यंत्रतेल, सुईच्या टोकावर मावेल एवढेंच. डब्यांतून फवारा मारण्याचें जें तेल हल्लीं घरोघर असतें, तें पहिले आठ दिवस चमत्कार दाखवितें आणि पुढें जुन्या मळाशीं मिळून अधिकच घट्ट होतें. एका हौशी गृहस्थांनीं अशा यंत्रांत खोबरेल घातल्याचें आम्हीं ऐकलें आहे. थंडींत त्याचें काय झालें तें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

एक आजार मात्र घरच्या उपचारानें बरा होत नाहीं. मोटारीची गति पट्ट्यानें ज्या चाकाकडे जाते त्याचा मधला भाग नायलॉनचा आहे. तो वयोमानानें आकसतो आणि तडकतो; मग मोटार फिरते, पट्टा फिरतो, पण दंड फिरत नाहीं किंवा अर्धवट फिरतो. सर्व स्वच्छ करूनही गोळा आळशासारखा वागत असेल तर या चाकावर संशय घ्यावा. जाणते कारागीर त्यावर कडें चढवितात किंवा नवा भाग घडवून घेतात. पण त्यासाठीं अर्धें यंत्र उकलावें लागतें. तसेंच गोळ्याला कलविणाऱ्या व फिरविणाऱ्या दोन पातळ पोलादी पट्ट्या असतात. त्यांतली एखादी तुटली तर ती पुन्हां बसविणें हें शिकलेल्या हाताचेंच काम. अशा ठिकाणीं हौसेनें हात घालणाराचे हातून चालणारें यंत्रही जातें.

विकण्यापूर्वीं दुरुस्त करावें काय, असें या भगिनी विचारतात. आमचें मत असें, कीं साफसफाई जरूर करावी, पण मोठी दुरुस्ती विकणारानें करूं नये. कारागिराची मजुरी पुष्कळदां यंत्राच्या किंमतीहून अधिक होते. आणि जो घेणारा स्वतः जाणता असतो, त्याला आपल्या हातानें उकललेलेंच यंत्र आवडतें. परंतु वर्णन मात्र स्वच्छ करावें. जुन्या वस्तूंच्या बाजारांत ‘चालू स्थितींत’ या दोन शब्दांइतके फसवे शब्द नसतील. मोटार गुणगुणली म्हणजे यंत्र चालू, असें समजणारे विकणारे पावलोपावलीं भेटतात. वास्तविक कळफलकावरील प्रत्येक अक्षर, दोन्ही लिप्यांत, एका कागदावर उमटवून तो कागदच घेणारास दाखवावा. त्यांत जें अक्षर उमटत नाहीं त्याची जागा रिकामी राहूं द्यावी. ओळ बदलते कीं नाहीं, मागें सरकण्याची कळ चालते कीं नाहीं, रूळाचें रबर कठीण झालें आहे काय, गोळ्याचे खालचे दांते शाबूत आहेत काय, हें चार ओळींत लिहावें. दांता तुटलेला गोळा एका अक्षराऐवजीं दुसरें उमटवितो, आणि बिचारा घेणारा यंत्राला दोष देत बसतो. एवढें सांगून जी किंमत येईल ती थोडी असली तरी परत येणाऱ्या तक्रारीहून ती बरी.

किंमतीविषयीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन कादंबरीकारानें १९६३ सालीं पन्नास डॉलरांस घेतलेला ऑलिव्हेत्ती कंपनीचा साधा, बिनविजेचा टाइपरायटर डिसेंबर २००९ मध्यें लिलावांत २,५४,५०० डॉलरांस गेला. ती रक्कम त्यांनीं एका संशोधनसंस्थेस दिली. त्याच जातीचें दुसरें यंत्र त्यांच्या एका मित्रानें त्यांच्यासाठीं वीस डॉलरांच्या आंत विकत आणलें होतें. म्हणजे लाखोंची किंमत त्या हातांची. यंत्राची ती वीस डॉलर. या भगिनींच्या घरीं जें आहे तें बाजाराच्या दृष्टीनें वीस डॉलरांच्या जातीचें, आणि त्यांच्या दृष्टीनें दुसऱ्या जातीचें. हे दोन हिशेब एका वहींत मांडल्यामुळेंच त्यांच्या घरांत वाद आहे. थोरले बंधु पहिला हिशेब मांडतात, धाकटे दुसरा, आणि दोघांचीही बेरीज बरोबर आहे.

आतां पत्राच्या शेवटच्या गोष्टीकडे येऊं. यंत्र तपासतांना यजमानांनीं जुनी फीत बाहेर काढली. दोन-तीन वीत उलगडतांच तिच्यावर रोमन लिपींत लिहिलेले मराठी शब्द त्यांना दिसले. ‘प्रिय दादा’ असा आरंभ होता. पुढें ‘घर’ आणि ‘वांटणी’ हे शब्द डोळ्यांस पडले आणि त्यांनीं फीत गुंडाळून खणांत ठेवली. हे दादा म्हणजे मामंजींचे सांगलीचे थोरले बंधु. तीन वर्षांपूर्वीं तेही वारले. यंत्र मागणारे चुलत दीर त्यांचेच चिरंजीव. यजमानांनीं ही गोष्ट पत्नीशिवाय कोणास सांगितलेली नाहीं. ‘फीत वाचावी, कीं टाकून द्यावी?’ एवढेंच या भगिनी विचारतात.

हा प्रकार कसा घडतो तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. या यंत्रांत कापडी फीत नसून पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर कार्बनचा थर दिलेली फीत असते. गोळा आपटला कीं तेवढ्या जागेचा थर कागदावर जातो, आणि फितीवर त्याच आकाराची पारदर्शक खिडकी उरते. फीत एकदांच वापरली जाते. म्हणून ती दिव्यासमोर धरून उलगडीत गेलें, कीं तिच्यावरून उमटलेलें प्रत्येक अक्षर क्रमवार वाचतां येतें. शब्दांमधली जागा सोडतांना फीत पुढें सरकत नाहीं. त्यामुळें मजकूर मोडीच्या ओळीसारखा सलग दिसतो, आणि शब्द कोठें तुटतो तें वाचणारानें ठरवावयाचें असतें. एकाच जागीं अनेक ठसे घेणाऱ्याही फिती पुढें निघाल्या, पण त्या अशा वाचतां येत नाहींत. तेव्हां या घरची फीत एकेरीच असली पाहिजे. जुने यंत्र विकणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना हें ठाऊक असेल कोण जाणे! बँकेशीं केलेला पत्रव्यवहार, वैद्याला लिहिलेली व्यथा, मृत्युपत्राचा मसुदा, हें सारें ते परक्याच्या हातांत यंत्राबरोबर देऊन मोकळे होतात.

टाइपरायटर ऐकतो आणि लक्षांत ठेवतो, ही कल्पना नव्हे. १९८४ सालीं मॉस्कोंतील अमेरिकन वकिलातींतील यंत्रें तपासलीं, तेव्हां अशाच सोळा सिलेक्ट्रिक यंत्रांत रशियन हेरांनीं बसविलेलीं उपकरणें सांपडलीं. गोळा फिरविणाऱ्या दांड्यांची हालचाल टिपून तीं उपकरणें उमटणारें अक्षर बाहेर कळवीत होतीं. तेथें शत्रूला एवढी विद्या खर्चावी लागली. घरच्या माणसाला खिडकीचा उजेड पुरतो.

आणि याच उजेडांत सर्वांत मोठा धोका आहे. अशा फितीचें अक्षर रबरानें नीट पुसत नाहीं, फासटतें. याच अडचणींतून डल्लस येथील एका बँकेंतल्या बेट ग्रॅहम या चिटणीस बाईंनीं खोडण्याचा पांढरा द्रव शोधला आणि तो धंदा १९७९ सालीं चार कोटी पंचाहत्तर लाख डॉलरांस विकला. आय. बी. एम. नें १९७३ सालीं वेगळी युक्ति काढली. चुकलें कीं एक चिकट फीत कागदावरचा कार्बन उचलून घेते, आणि कागद कोरा होतो. परंतु मूळ फितीवर चुकलेलें अक्षरही राहतें आणि त्याच्या जागीं मागाहून लिहिलेलेंही राहतें. कोणतें टिकलें व कोणतें पुसलें, हें फीत सांगत नाहीं. मामंजींनीं एक वाक्य रागानें लिहिलें असेल आणि पुसून सौम्य केलें असेल. फितीवर दोन्ही एकापुढें एक सलग बसलेलीं असतील. तें पत्र त्यांनीं पेटींत टाकलें कीं फाडलें, हेंही फीत सांगत नाहीं. कागदावर जें राहिलें तें त्यांचें म्हणणें. फितीवर जें आहे त्यांत त्यांनीं मागें घेतलेलेंही मिसळलेलें आहे, आणि माणसानें मागें घेतलेल्या शब्दांवर कोणाचाच हक्क नसतो. म्हणून वांटणीच्या कोणत्याही बोलण्यांत हा मजकूर पुरावा म्हणून आणणें आम्हांस सर्वथा गैर वाटतें.

मग फीत गुपचुप नाहींशी करावी काय? नाहीं. दोन शब्द वाचून झालेले आहेत, आणि ते आतां न वाचलेले होणार नाहींत. उद्यां सांगलीच्या घराविषयीं कांहीं बोलणें निघालें, तर थोरल्या बंधूंच्या मनांत ते राहणार. आणि धाकट्यांना मागाहून कळलें, तर नसलेला संशय उभा राहणार. अर्धें वाचून खणांत ठेवलेलें पत्र पूर्ण वाचलेल्या पत्राहून घातक असतें. आमची सूचना अशी आहे. यजमानांनीं आधीं धाकट्या बंधूंना सांगावें, आणि मग दोघांनीं मिळून ती फीत न उलगडतां आईच्या हातांत द्यावी. तीवर हक्क कोणाचा असेल तर तो त्यांचा. त्यांना नको असेल तर कात्रीनें तुकडे करून टाकावी. जाळूं नये, प्लास्टिकचा धूर विषारी असतो. त्यांना ऐकावयाची असेल, तर आरंभापासून शेवटपर्यंत सगळी वाचावी, आणि जें निघेल तें गोड असो वा कडू, सांगलीच्या चुलत बंधूंनाही सांगावें. कारण पत्र त्यांच्या वडिलांना लिहिलेलें होतें. वाचण्याचें काम सुनेकडे आलें, तर तिनें शब्द जोडतांना आपल्या मनचें कांहीं जोडूं नये. सासूबाईंना तें यंत्र डोळ्यांसमोर कां नको आहे, हेंही त्या वेळीं कदाचित् कळेल. तोंवर विक्रीची घाई करूं नये.

राहतां राहिला यंत्राचा निकाल. धाकट्या दिरांना तें हवें असेल तर त्यांनीं न्यावें, परंतु एका अटीवर: आठवड्यांतून एकदां त्यावर पानभर लिहावें. बासनांत बांधून माळ्यावर ठेवावयाचें असेल, तर तो वडिलांचा मान नव्हे, वंगण घट्ट करण्याचा उद्योग आहे. तेवढी तयारी नसेल तर वापरणाऱ्या परक्यास विकावें.

सांगलीस पाठविण्याच्या आम्ही विरुद्ध आहों, आणि त्याचें कारण नात्याचें नसून विजेचें आहे. अमेरिकेंत घरगुती वीज १२० व्होल्ट दाबाची व सेकंदाला ६० आवर्तनांची असते. आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० आवर्तनें. थेट जोडल्यास मोटार जळेल. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर मध्यें घातला तरी आवर्तनें बदलत नाहींत. मोटार सुमारें एक षष्ठांश मंद फिरते आणि अधिक तापते. त्यांतून पंधरा-सोळा किलोंच्या यंत्राचें विमानभाडें! चुलत दिरांना काकांची आठवणच हवी असेल, तर अक्षरांचा एक गोळा त्यांना टपालानें पाठवावा. या घरीं असे तीन गोळे आहेत. दोन यंत्राबरोबर दिले तरी घेणाराचें कांहीं अडत नाहीं.

यंत्र दूरच्या घेणारास पाठवावयाचें झाल्यास गोळा काढून वेगळा गुंडाळावा, गोळ्याचा वाहक मध्यभागीं आणून मऊ दोऱ्यानें जखडावा, आणि झांकण व यंत्र यांच्यामध्यें कागद भरावा. एका खोक्यांत बसवून तें खोकें दुसऱ्या मोठ्या खोक्यांत ठेवावें, चारी बाजूंस चार बोटें भरणी राहील असें. याहूनही बरें म्हणजे घेणारानें स्वतः येऊन मोटारींतून नेणें. तो आला म्हणजे त्याच्यासमोर यंत्र जोडून सर्व अक्षरें पुन्हां एकदां उमटवावींत, आणि नवी फीत घालून द्यावी.